मॅनकिन पक्ष्यांचे प्रियाराधन आणि दुय्यम नराचा प्रश्न

मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेल्या उष्ण कटिबंधीय अरण्यांत मॅनकिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान पक्ष्यांचे एक कुल आढळते. शास्त्रीय परिभाषेत त्यास पिप्रिडी असे म्हणतात व त्यात आज सुमारे पंचावन्न जाती गणल्या जातात. ‘लहानसा माणूस’ अशा अर्थाच्या एका डच शब्दापासून हे नाव आले. आपल्याकडील मनोली किंवा मुनिया या दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांना जुन्या इंग्रजी ग्रंथांत जवळजवळ याच उच्चाराचे नाव दिलेले आढळते. त्यामुळे नामसाम्यावरून अभ्यासकांची गल्लत होण्याचा संभव आहे. या दोन पक्षिगटांचा एकमेकांशी निकटचा संबंध नाही. मॅनकिन हे फळे खाणारे, अरण्याच्या खालच्या थरात वावरणारे व बहुधा दहा ते वीस ग्रॅम वजनाचे पक्षी होत. बहुतेक जातींची मादी मळकट हिरव्या रंगाची असते व पानांत सहज लपून जाते. नर मात्र काळ्या, निळ्या, तांबड्या, पिवळ्या वा शुभ्र रंगांच्या ठळक पट्ट्यांनी नटलेला असतो.

या पक्ष्यांची ख्याती आहे ती नराच्या प्रियाराधनाबद्दल. नर नाचतो, उड्या मारतो, फांदीवरून मागे मागे घसरत जातो, पंखांनी कडकड आवाज काढतो. हे सर्व मादीसाठी चालते, आणि निवड सर्वस्वी मादीच्या हाती असते. एवढ्यापुरते पाहिले तर डार्विनने १८७१ साली मांडलेल्या लैंगिक निवडीच्या सिद्धांतात हे वर्तन सहज बसते. परंतु या कुलातील काही जातींत एक नर एकट्याने नाचत नाही. त्याच्या जोडीला दुसरा नर असतो, तो पहिल्याइतक्याच कसोशीने नाचतो, आणि मादी प्रसन्न झाली म्हणजे तो बाजूस सरून निघून जातो. समागम पहिल्याचाच होतो. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या विवाहात नाचणाऱ्या या नराचे वर्तन नैसर्गिक निवडीने टिकून कसे राहिले, हा प्रश्न प्राणिवर्तनशास्त्रातील अत्यंत बोधप्रद प्रश्नांपैकी एक आहे. त्याचे जे उत्तर आज हाती आहे ते समजण्यासाठी या पक्ष्यांच्या आहारापासून आरंभ करावा लागतो.

डेव्हिड स्नो व त्यांच्या पत्नी बार्बरा स्नो यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्रिनिदाद बेटावरील अरिमा खोऱ्यात जे निरीक्षण केले ते या विषयातील पायाभूत कार्य समजले जाते. विल्यम बीब यांनी तेथे स्थापन केलेल्या संशोधनकेंद्राचे नाव ‘सिमला’ असे होते; किपलिंगच्या कथांतील आपल्या शिमल्यावरून ते आलेले आहे. स्नो यांचा मुख्य विषय श्वेतकंठी मॅनकिन, म्हणजे मॅनाकस मॅनाकस ही जाती. तिच्यावरील त्यांचा विस्तृत निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. फळे खाणाऱ्या पक्ष्यास अन्न मिळवण्यासाठी फार वेळ लागत नाही, असे त्यांना दिसून आले. त्या खोऱ्यात मिकोनिया वंशातील झुडपांच्या अनेक जाती आहेत (सह्याद्रीतील अंजनी ज्या वनस्पतिकुलातील, त्याच कुलातील हा वंश होय), आणि त्यांचे फळण्याचे काळ एकामागून एक असे वर्षभर विभागलेले असल्याचे स्नो यांनी पुढे १९६५ साली दाखवून दिले. अन्न मुबलक, वर्षभर मिळणारे आणि पळून न जाणारे! अशा स्थितीत दोन पिलांचे पोषण मादी एकटी करू शकते. घरटे बांधणे, अंडी उबवणे, पिलांना फळे व कीटक भरवणे ही सर्व कामे तीच करते. किंबहुना घरट्यापाशी भडक रंगाचा नर येत राहिला तर साप वगैरे शत्रूंचे लक्ष वेधले जाण्याचा धोका वाढेल. त्याचे नसणेच श्रेयस्कर ठरते. घरटी मोठ्या प्रमाणावर शत्रूंच्या भक्ष्यस्थानी पडतात, हे स्नो यांच्या नोंदींतून स्पष्ट होते.

अशा रीतीने नर संसारातून मोकळा होतो. हा मोकळा वेळ तो कोठे घालवतो? विणीच्या हंगामात दिवसाच्या प्रकाशाचा सुमारे नऊ-दशांश भाग तो आराधनास्थळी असतो. जेथे अनेक नर एकत्र जमून मादीपुढे आपले प्रदर्शन मांडतात, आणि मादी केवळ निवडीसाठी तेथे येते, अशा जागेस पक्षिशास्त्रात एक स्वीडिश शब्द रूढ झाला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘खेळ’ असा असून उच्चार ‘लेक’ असा होतो. मराठीत तो शब्द तसाच घेतल्यास विनोदच व्हावयाचा. म्हणून प्रस्तुत लेखात ‘आराधनास्थळ’ हाच शब्द योजला आहे. आपल्याकडे तणमोराचे नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारतात, तो याच पद्धतीचा एक विरळ, दूरदूर विखुरलेला प्रकार मानला जातो.

श्वेतकंठी मॅनकिनच्या आराधनास्थळी प्रत्येक नराचे स्वतःचे अंगण असते. जमिनीवरील वाळकी पाने, काटक्या चोचीने उचलून तो सुमारे हातभर-दोन हात व्यासाची जागा अगदी स्वच्छ करतो. या अंगणाच्या कडेस दोन किंवा अधिक बारीक उभी रोपटी असावी लागतात. नर एका रोपट्यावरून दुसऱ्यावर झेप घेतो व प्रत्येक झेपेबरोबर फटाका वाजावा तसा कोरडा आवाज होतो. मग तो खाली अंगणात उतरतो, तत्क्षणी उलटून पुन्हा वर जातो आणि रोपट्याच्या खोडावरून घसरत खाली येतो. मादी आली म्हणजे तीही याच उड्यांत सामील होते. फ्रँक चॅपमन यांनी पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर याच वंशातील पीतकंठी जातीचे असेच वर्णन १९३५ साली केले होते. अंगणातील पाने उचलण्याचा हा व्याप कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडेल. स्वच्छ भूमीवर नराचे रंग अधिक उठून दिसतात आणि शत्रूही लवकर दृष्टीस पडतो, अशी दोन्ही कारणे दिली गेली आहेत आणि ती परस्परविरोधी नाहीत.

सर्व नर सारखेच झटतात. फळ मात्र सारखे मिळत नाही. ॲलन लिल यांनी त्रिनिदादमधीलच एका आराधनास्थळी दहा नरांची पाहणी केली व १९७४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण ४३८ समागमांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश एकट्या एका नराचे होते. दुसऱ्या क्रमांकाच्या नरास तेरा टक्के मिळाले आणि उर्वरित आठ नरांच्या वाट्यास मिळून जेमतेम एक अष्टमांश आले. हे प्रमाण पुढील विवेचनात सतत ध्यानात ठेवावयास हवे, कारण दुय्यम नराचे सारे गणित याच विषमतेवर उभे आहे. जेथे यशस्वी नराचा लाभ इतका प्रचंड आणि अयशस्वी नराचा लाभ जवळजवळ शून्य असतो, तेथे यशाची अल्पशी शक्यतासुद्धा मोठी किंमत देऊन विकत घेण्याजोगी ठरते.

मादीच्या निवडीपुढे नराचे शरीर कोठवर वाकते याचीही काही उदाहरणे पाहावी. पीतकंठी जातीत अंगण ओलांडण्याच्या उड्यांतील वेग मादी पारखते आणि तिच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरणारा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असतो, असे ज्युलिया बार्स्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले. त्याच संशोधकांना या नृत्याच्या वेळी नराच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १३०० च्या वर गेलेले आढळले. याहूनही विलक्षण गोष्ट इक्वेडोर व कोलंबियाच्या पश्चिम उतारावरील गदापंखी मॅनकिनची. त्याच्या पंखांतील जाड, वाकड्या पिसांचे चित्र स्वतः डार्विनने आपल्या ग्रंथात दिले होते. परंतु त्या पिसांतून आवाज कसा निघतो याचा उलगडा २००५ साली किंबर्ली बॉस्टविक व रिचर्ड प्रम यांनी अतिशीघ्र चित्रीकरणाच्या साह्याने केला. नर पंख पाठीवर उभारून ते सेकंदाला सुमारे १०७ वेळा एकमेकांवर आपटतो. प्रत्येक आपटीत एका पिसाचे वाकडे टोक शेजारच्या पिसाच्या दांड्यावरील सात कंगोऱ्यांवरून जाताना व येताना घासले जाते, म्हणजे चौदा घर्षणे होतात. १०७ ला १४ ने गुणले असता येणारा सुमारे १५०० हा आकडा त्या स्वराच्या मोजलेल्या कंपनसंख्येशी तंतोतंत जुळतो. रातकिडा ज्या तत्त्वावर वाजतो त्याच तत्त्वावर वाजणारा हा पक्षी. ही पिसे ज्या हाडास जोडलेली असतात ते ‘अल्ना’ नावाचे हाड या नरात भरीव झालेले आहे, असे २०१२ साली आढळले. पक्ष्यांची हाडे पोकळ असतात हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. येथे उडण्याच्या सोयीचा हा नियम स्वरासाठी मोडला गेला. अशा वादनाचा मादीस स्वतः काहीच उपयोग नसताना तिच्याही हाडांत या बदलाची छटा उतरली असल्याचे प्रम यांनी निदर्शनास आणले आहे. पसंतीची किंमत पसंत करणाऱ्या मादीच्या शरीरावरही पडते, असा त्याचा अर्थ होतो.

येथपर्यंतचे सर्व वर्तन एकेका नराचे आहे, आणि कष्ट करणारा व लाभाची आशा धरणारा जीव एकच आहे. कायरॉक्सिफिया वंशाकडे वळले की ही संगती तुटते.

या वंशातील दीर्घपुच्छ मॅनकिन ही जाती मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून कोस्टारिकापर्यंत आढळते. नराचे अंग काळे, पाठ आकाशी, माथा तांबडा असतो आणि शेपटीची मधली दोन पिसे लांब, बारीक व लवचीक असतात. दोन नर जोडीने उंच फांदीवर शेजारी शेजारी बसतात आणि एकाच क्षणी, एकाच पट्टीत तीन अवयवांची शीळ घालतात. ऐकणाऱ्यास ती ‘तोलेदो’ या शब्दासारखी भासते. कोस्टारिकात पक्ष्यासही त्याच नावाने ओळखतात. दोघांच्या शिळेचा मेळ इतका बेमालूम असतो की नुसत्या कानांना एकच पक्षी गात असल्यासारखे वाटावे. अनुकूल काळात ही जोडी तासाला शेकडो वेळा शीळ घालते. मादी आली की दोघेही खाली, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असलेल्या आडव्या वेलीवर वा फांदीवर उतरतात. तेथे मादीच्या समोर एक नर सरळ वर उडी घेतो, दुसरा त्याच्याखालून पुढे सरकतो, पहिला त्याच्या मागे उतरतो, मग दुसरा उडी घेतो. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे हे चक्र अधिकाधिक वेगाने फिरत राहते. मध्येच दोघेही फुलपाखरासारखे मंद, तरंगते उड्डाण करीत मादीभोवती फिरतात. ती तेथेच राहिली तर अखेरीस एक नर निघून जातो आणि दुसरा, जो प्रमुख, तो समागम करतो. पॉल स्लड यांनी १९५७ साली या गीतनृत्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. परंतु कोणता नर कोण, हे ओळखण्याची सोय नसल्यामुळे पुढचा प्रश्न तेव्हा विचारताच येत नव्हता.

ती सोय पायांत घातलेल्या रंगीत कड्यांनी झाली. डेव्हिड मॅक्डोनल्ड यांनी १९८० नंतरच्या दशकापासून कोस्टारिकातील मॉन्तेवेर्दे येथे या पक्ष्यांना कडी घालून एकाच नराचा मागोवा अनेक वर्षे ठेवला. त्यातून असे दिसून आले की जोडीतील दोन नरांची पदे ठरलेली असतात. प्रमुख नर व दुय्यम नर यांची जोडी बहुधा वर्षानुवर्षे टिकते. त्यांच्याभोवती आणखी काही खालच्या दर्जाचे तरुण नर वावरतात, मधूनमधून नाचण्याचा सराव करतात आणि मोठे नर आले की दूर होतात. समागम जवळजवळ सर्वच प्रमुखाचे होतात. दुय्यम नराचे समागम हाताच्या बोटांवर मोजता यावेत इतकेच आढळले. तेव्हा, आपल्या कष्टांचा काही अंश दुय्यमास लगोलग परत मिळतो, हे पहिले आणि अगदी सरळ उत्तर बाद झाले.

दुसरे उत्तर आप्तसंबंधाचे. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलेल्या विचारानुसार एखाद्या जीवाने सख्ख्या भावास साह्य केले तर भावाच्या संततीतून त्याच्या स्वतःच्या जनुकांचाही काही भाग पुढे जातो. आप्ताचा लाभ आप्तभावाच्या प्रमाणात कमी करून घेतला तरी तो साह्य करणाऱ्याच्या हानीहून अधिक भरत असेल, तर असे साह्य निवडीत टिकते. दोन मॅनकिन भाऊ असतील तर कोडे तेथेच सुटते. हा तर्क नुसता कल्पनेतला नव्हता. उत्तर अमेरिकेतील रानटी टर्की पक्ष्यांत नर जोडीने वा टोळीने आराधना करतात व एकच समागम करतो. ते नर एकमेकांचे निकट आप्त असतात व आप्तसंबंधाचा लाभ त्यांच्या त्यागाची भरपाई करण्यास पुरेसा असतो, असे ॲलन क्राकाउअर यांनी कॅलिफोर्नियातील पक्ष्यांच्या जनुकांची परीक्षा करून २००५ साली सिद्ध केले. मॅनकिनच्या बाबतीत मात्र निर्णय विरुद्ध लागला. मॅक्डोनल्ड व वेन पॉट्स यांनी १९९४ साली जोडीदार नरांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा त्यांच्यातील आप्तभाव त्या वस्तीतून सहज उचललेल्या कोणत्याही दोन नरांइतकाच, म्हणजे शून्यवत् निघाला. दिसायला सारखे वर्तन, पण कारणे वेगळी. तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याने हे उदाहरण जवळ बाळगावे असे आहे.

मग उरते ते तिसरे उत्तर: विलंबित लाभ. दुय्यम नर वाट पाहत असतो. प्रमुख नर मेला किंवा नाहीसा झाला म्हणजे ती नाचफांदी, ते स्थान आणि ते पद दुय्यमाकडे येते. येथे मादीच्या एका सवयीस निर्णायक महत्त्व आहे. मादी ज्या नाचफांदीवर एकदा समागमास आली तेथेच ती पुढील हंगामांतही येण्याचा संभव अधिक असतो, मग तेथील प्रमुख नर बदललेला का असेना. म्हणजे दुय्यम नर आज ज्या मादीपुढे निष्फळ नाचतो ती मादी उद्या त्याचीच ग्राहक होण्याची शक्यता असते. आजचे नृत्य चांगले वठले तर त्या जागेचा लौकिक वाढतो आणि त्या लौकिकाचा वारसा त्यास मिळतो. प्रमुखासही साथीदारावाचून गत्यंतर नाही, कारण एकट्याच्या नृत्यास मादी बधत नाही. दोघांचा हा करार कोणी लिहिलेला नसला तरी दोन्ही पक्षांस बंधनकारक आहे.

ही प्रतीक्षा अल्प नव्हे. दीर्घपुच्छ नरास पूर्ण पिसारा येण्यासच चार वर्षांहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत त्याचा वेष टप्प्याटप्प्याने बदलत जातो: आधी हिरव्या अंगावर तांबडा माथा, मग काळवंडलेला चेहरा, मग निळी पाठ. एखादा नर किती वर्षांचा आहे हे त्यामुळे इतर नरांस व निरीक्षकासही दुरून कळते आणि रांगेतील त्याची जागा कोठे आहे याबद्दल भांडणाचे कारण उरत नाही. लष्करातील पदचिन्हांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. पूर्ण पिसारा आल्यावरही रांग असतेच, आणि प्रमुखपद हाती येईपर्यंत नराचे वय दहाच्या आसपास पोहोचते.

इतकी वर्षे थांबणे फायद्याचे ठरण्यासाठी एक अट आवश्यक आहे, ती म्हणजे दीर्घायुष्य. ही अट किती कडक आहे हे साध्या गणिताने कळते. समशीतोष्ण प्रदेशातील कित्येक लहान पक्ष्यांत प्रौढांपैकी दर वर्षी सुमारे निम्मेच जगतात. अशा पक्ष्यास आठ वर्षे वाट पाहावयाची असेल तर हजारातून चारच ती पुरी करतील. तेथे रांग लावणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. स्नो यांनी त्रिनिदादमधील श्वेतकंठी मॅनकिनच्या नरांसाठी काढलेले वार्षिक जीवितप्रमाण सुमारे ८९ टक्के होते. त्या प्रमाणाने आठ वर्षांनंतर शंभरांतील एकोणचाळीस नर शिल्लक राहतात. उष्ण कटिबंधातील सर्वच पक्षी इतके दीर्घायुषी असतात की काय याविषयी पुढे वाद झाला, आणि जेम्स कार व सहकाऱ्यांनी पनामातील आकडेवारीवरून १९९० साली या समजुतीवर आक्षेप घेतला. ८९ टक्के हा आकडा दुसऱ्या वंशातील पक्ष्याचा आहे, हेही विसरता कामा नये. परंतु प्रमाण ७५ टक्के धरले तरी शंभरांतील दहा नर आठ वर्षे तगतात. आणि लिल यांच्या आकड्यांसारखी विषमता असेल तर त्या दहांपैकी एखाद्यास मिळणारे बक्षीस बाकी सर्वांच्या निराशेहून मोठे असते. निवड सरासरीने चालते; ज्यांची पाळी कधी आलीच नाही त्यांचे दुःख तिच्या हिशेबात वेगळे मांडलेले नसते.

तथापि दुय्यम नर केवळ बसून वाट पाहतो असे समजणे चूक ठरेल. जिल ट्रेनर, मॅक्डोनल्ड व सहकारी यांनी २००२ साली दाखवून दिले की जोडीच्या शिळेतील मेळ वयाबरोबर, वर्षांच्या सहवासाने सुधारत जातो. तरुण नरांच्या शिळा एकमेकींशी नीट जुळत नाहीत. ज्या जोडीचे स्वर अधिक जुळतात तिच्याकडे माद्या अधिक येतात, हे त्याआधी १९९५ सालीच आढळले होते. या निष्कर्षाचे महत्त्व दुहेरी आहे. मॅनकिन हे पक्षिवर्गाच्या ज्या शाखेत मोडतात (आपल्याकडील नवरंग हा तिचाच प्रतिनिधी) तीत स्वर सर्वसाधारणपणे जन्मजात असतो, शिकावा लागत नाही, अशी समजूत आहे. येथे निदान मेळ साधण्याची कला तरी सरावाने येते. आणि दुय्यमपदाची वर्षे ही उमेदवारीची वर्षे ठरतात. पद मिळेल तेव्हा ते चालवण्याची पात्रता त्यांतच घडते.

उमेदवारी याहूनही आधी सुरू होते. मॅक्डोनल्ड यांनी २००७ साली असे दाखवले की ज्या तरुण नराचे इतर नरांशी संबंध अधिक विस्तृत, जो अनेक नाचफांद्यांवर अनेकांबरोबर वावरला, तोच पुढे कित्येक वर्षांनी वरच्या पदास चढण्याचा संभव अधिक. इक्वेडोरच्या अरण्यातील तारपुच्छ मॅनकिनवर ब्रँट रायडर व सहकाऱ्यांनी केलेले कामही याच दिशेने जाते. त्या जातीत नर जोडीने नाचतो, पण एकट्यानेही नाचू शकतो. तरीही ज्याचे साथीदार अधिक, त्याची संतती अधिक, असे आढळले. बळ व वर्ण यांबरोबर ओळखीपाळखीही निवडीचा विषय होतात ही गोष्ट वीस ग्रॅमच्या पक्ष्याबद्दल लिहिताना लेखणी क्षणभर थबकते. पण आकडे तसे सांगतात.

एकाच जातीवरून काढलेला निष्कर्ष कितपत भरवशाचा, अशी शंका घेणे रास्त आहे. पनामातील बोका ब्रावा बेटावर एमिली ड्यूव्हाल यांनी त्याच वंशातील भालापुच्छ मॅनकिनचा अभ्यास केला. तेथेही जोडीदार नर एकमेकांचे आप्त नव्हते; पिलांच्या जनुकांची परीक्षा केली असता दुय्यम नराचे पितृत्व अत्यल्प निघाले; आणि जे नर दुय्यमपदी होते ते इतरांच्या मानाने पुढे प्रमुख होण्याचा संभव अधिक दिसला. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याकडील अरण्यांतील नील मॅनकिनमध्ये तर दोनाऐवजी तीन किंवा त्याहून अधिक नर एका फांदीवर ओळीने बसतात. मादीजवळचा नर उडून तिच्यासमोर क्षणभर तरंगतो व ओळीच्या शेवटी जाऊन बसतो, मग पुढचा. अखेरीस प्रमुख नर एक तीक्ष्ण आवाज काढून सर्वांना थांबवतो. तेथे दुय्यम नर एक नसून अनेक आहेत आणि त्यांतील शेवटच्याची आशा किती क्षीण असेल याची कल्पनाच करावी.

विलंबित लाभाचे उत्तर आज सर्वमान्य असले तरी ते सर्व शंका मिटवते असे नाही. रांगेतील नर पुढच्यास हुसकावून का लावत नाही? अप्रौढ वेषातील नर मारामारी टाळतात हे खरे, पण पूर्ण पिसाऱ्याचा दुय्यम नर अंगाने प्रमुखाहून दुर्बळ असतोच असे नाही. याचे एक उत्तर असे की जोडी फुटली तर दोघांचेही नुकसान होते; नव्या जोडीदाराशी स्वर जुळण्यास पुन्हा वर्षे जावी लागतात आणि तोपर्यंत माद्या दुसरीकडे वळतात. रायडर व सहकाऱ्यांनी तारपुच्छ मॅनकिनमध्ये टेस्टोस्टेरॉन या नरसंप्रेरकाचा सहकार्याशी असलेला संबंध तपासला, तेव्हा संप्रेरकाचे प्रमाण वाढले असता स्थानधारी नरांचे सहकार्य घटते असे त्यांना आढळले. म्हणजे जे रसायन नरास आराधनेस प्रवृत्त करते तेच अधिक झाले तर त्याची साथसंगत बिघडवते. मादीसाठी झुंजणे आणि मादीसाठी जुळवून घेणे या दोन प्रवृत्ती एकाच देहात कशा तोलल्या जातात हा शरीरक्रियेचा प्रश्न आता पुढे आला आहे, आणि त्याचे काम चालू आहे.

या सर्व संशोधनाची एक बाजू पद्धतीसंबंधी आहे. दहा वर्षांनी मिळणारा लाभ दोन हंगामांच्या निरीक्षणात कधीही दिसला नसता. प्रबंधाच्या मुदतीत बसणाऱ्या अभ्यासाने दुय्यम नराचे वर्तन निष्कारण त्याग म्हणून नोंदवले असते. मॉन्तेवेर्देच्या अरण्यात तीच वेल, तीच फांदी वर्षानुवर्षे वापरात राहते आणि कडी घातलेले पाय एकामागून एक बदलत जातात. एखाद्या हंगामाच्या आरंभी प्रमुखाचे कडे दिसत नाही. गेल्या वर्षी ज्याने नाच संपताच काढता पाय घेतला होता तो नर त्या फांदीवर आधी येऊन बसलेला असतो, त्याच्या शेजारी नुकताच निळ्या पाठीचा झालेला एक तरुण असतो, दोघांच्या शिळा अजून नीट जुळलेल्या नसतात. आणि गेल्या वर्षीचीच मादी त्याच वेलीवर येऊन उतरते.